मोहफूल म्हणजे फक्त दारू? जंगलात ते आधी जेवणात येतं!

मोहफूल म्हटलं की शहरात बहुतेकांना थेट दारूच आठवते. गडचिरोली, गोंदिया, मेळघाट, नंदुरबारच्या जंगलपट्ट्यात मात्र हे फूल आधी खाण्याची वस्तू आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. रात्रभर गोड, काहीसा उग्र वास सुटतो आणि पहाटे झाडाखाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडलेला असतो. गंमत म्हणजे गळतो तो फक्त पाकळ्यांचा मांसल भाग. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. त्यामुळे फुलं वेचली तरी पुढे त्याच झाडाच्या बिया मिळतात आणि त्यांचं तेल निघतं. खरं नुकसान होतं ते आगीने. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि कधी त्यातूनच वणवा लागतो. झाडाखाली जाळी बांधली तर आग लावावी लागत नाही, शिवाय फुलांना मातीही लागत नाही.

वाळलेलं मोहफूल मनुक्यासारखं तपकिरी दिसतं. त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणूनच ते लवकर आंबतं, आणि म्हणूनच धान्य संपत आलेल्या दिवसांत पोटाला आधारही देतं. फुलं भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू करतात, नुसती उकडून खातात, पिठात मळून भाकरीही थापतात.

आयुर्वेदात याला 'मधूक' म्हणतात. फूल थंड आणि ताकद देणारं मानलं जातं, खोकल्यावरही वापरतात. बियांचं तेल दुखऱ्या सांध्यांना चोळतात. हे पारंपरिक उपाय आहेत, डॉक्टरांना पर्याय नाहीत. मधुमेह असेल तर लाडू जपूनच.

मग इतक्या कामाचं फूल संशयित कसं झालं? इंग्रज सरकारला दारूवरचा महसूल हवा होता आणि घरोघरी गाळली जाणारी मोहाची दारू त्याच्या आड येत होती. 1892 मध्ये मुंबई इलाख्यात खास मोहफुलांसाठी कायदा झाला. ठाणे-कुलाब्यात फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्यातही फुलांवरची नजर कायम राहिली.

2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या समाजांना असं वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. महाराष्ट्राने मोहफुलं वेचण्या-साठवण्यावरची बंधनं सैल केली ती 2021 मध्ये. परवान्याशिवाय दारू गाळणं आजही गुन्हाच आहे. गडचिरोलीत तर 1993 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिथे मोहफुलांचं पोतं दिसलं की ते लाडवांसाठी की भट्टीसाठी, हा प्रश्न अजूनही विचारला जातो.