तोंडी हुकूम

आयुर्विमा महामंडळात मी बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली अकरा रोख काउंटरवर. हप्ता चाळीस रुपयांचा असो की चारशेचा, पावती फाडल्याशिवाय हातचा पैसा गल्ल्यात जात नसे. लोकांना अर्थमंत्री दिसतात ते अर्थसंकल्पाच्या दिवशी, टीव्हीवर. माझी त्या पदाशी ओळख झाली ती वडिलांच्या गप्पांतून.

वडील महाडला एका खासगी विमा कंपनीचे एजंट होते. १९ जानेवारी १९५६च्या संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख रेडिओवर बोलले. वटहुकूम निघाला आणि देशी-परदेशी मिळून २४५ कंपन्या आणि संस्थांचा आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला. बातमी आधी फुटली असती तर काही मालकांनी तिजोऱ्या धुऊन नेल्या असत्या, म्हणून सगळी तयारी गुपचूप झालेली. चिंतामणराव महाडजवळच्या नाते गावचे, आमच्या कुलाबा जिल्ह्याचेच खासदार. तरी त्या रात्री वडील जेवले नाहीत. कमिशन बुडालं, असंच त्यांना वाटलं. (बुडालं नाही. त्याच कमिशनवर आम्ही तिघं भावंडं शिकलो.)

१ सप्टेंबरला महामंडळ सुरू झालं तेव्हा चिंतामणराव त्या खुर्चीत नव्हते. मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावरून त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी काही आठवड्यांनी टी. टी. कृष्णम्माचारी आले.

आता इथे अर्थमंत्र्याच्या अधिकाराची गंमत आहे. संचित निधीतला सरकारी पैसा खर्चायचा तर संसदेला विनियोजन विधेयक मंजूर करावं लागतं. विमेदारांचा पैसा त्या निधीत नसतो. त्याची हमी मात्र सरकारची, महामंडळाच्या कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे. शिवाय कलम २१ प्रमाणे धोरणाच्या बाबतीत सरकार महामंडळाला सूचना देऊ शकतं, पण ती लेखी हवी.

या 'लेखी'वरच घोडं अडलं. १९५७ साली महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. गुंतवणूक समितीला विचारलं नाही, लेखी सूचना तर नव्हतीच. लोकसभेत प्रकरण लावून धरलं ते फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने आणि पंतप्रधानांच्या जावयाने. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली. वित्त सचिव एच. एम. पटेल म्हणाले, मंत्र्यांची संमती होती. मंत्री म्हणाले, नव्हती. दाखवायला कागद कुणाकडेच नाही! छागलांचा निष्कर्ष असा, की सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी गेले आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्प खुद्द नेहरूंना मांडावा लागला.

मला हा निकाल आजही बरोबर वाटतो. मंत्र्याने प्रत्येक फाइल वाचावी अशी अपेक्षा कुणीच करत नाही. पण पैसे परक्याचे असतील तर 'मला कुणी सांगितलं नाही' हे आमच्या काउंटरवरसुद्धा चालत नसे. दिवसाअखेर दहा रुपये कमी भरले तर रोखपालाच्या खिशातून जात.

१९७७ साली मोरारजींच्या सरकारात नवे अर्थमंत्री आले : एच. एम. पटेल. वडिलांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला.

"आता ह्यांचा सचिव काय करतो," ते म्हणाले, "ते ह्यांनी बघायचं."