कांद्याचा पापुद्रा, चमचाभर मीठ : जीवशास्त्र हाताने शिकायचे कसे?

शीव (मुंबई) : युरियाची मूठ रोपाच्या अगदी बुंध्याशी पडली आणि वरून पाणी मिळाले नाही, की दोन-तीन दिवसांत रोप करपते. खताने रोप भाजले, असे आपण म्हणतो. पण भाजते म्हणजे नेमके काय होते, हे नववी-दहावीच्या पोराला विचारून बघा. बहुतेकांना सांगता येत नाही. 'परासरण'ची व्याख्या मात्र घडाघडा येते. या दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

दाखवायला फार काही लागत नाही. एक लाल कांदा घ्यायचा, वरची कोरडी टरफले काढायची. आतल्या पाकळीची बाहेरची बाजू जांभळी असते. तिला ब्लेडने हलकी चीर देऊन (हे काम मोठ्या माणसाने करावे) पातळ जांभळा पापुद्रा सोलायचा. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात, प्रत्येकीत काठोकाठ जांभळा रस. आता अर्धा पेला पाण्यात चहाचा एक चमचा मीठ विरघळवून त्याचे दोन थेंब पापुद्र्यावर सोडायचे. काही मिनिटांत जांभळा रस भिंतीपासून सुटून आत आक्रसू लागतो. बाहेरच्या खारट पाण्याने पेशीतले पाणी ओढून घेतले. रोपाच्या मुळांपाशी खताचे द्रावण घट्ट झाले की तेच होते. पापुद्रा लगेच साध्या पाण्यात धुतला तर रस पुन्हा फुगून भिंतीला टेकतो. फार वेळ मिठात राहिला तर पेशी मरते. खतानंतर पाणी द्या, असे का सांगतात ते पोराला इथे डोळ्यांनी दिसते.

मग खाऱ्या पाण्यात उभी असलेली झाडे जगतात कशी? त्याचे उत्तर शीवजवळ सापडते. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी डेपोच्या समोर, मिठी नदीच्या काठाला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे 37 एकरांची ही जागा पूर्वी मुंबईच्या कचऱ्याची डेपो होती. कचरा टाकणे बंद झाल्यावर तिथे झाडे लावली, पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनीही त्यात हात घातला. 1994 पासून उद्यान लोकांसाठी खुले आहे. शाळांच्या सहली तिथे येतात. कचऱ्याच्या ढिगावर जंगल कसे उभे राहते, हे यापेक्षा चांगले पुस्तक सांगणार नाही.

उद्यानाला लागून माहीमच्या खाडीचे तिवर आहे. तिवराची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात. जे आत शिरते ते पानांतल्या बारीक ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. उन्हात पान भिंगाखाली धरले तर मिठाचे कण चमकताना दिसतात. आपल्या सोयाबीनला किंवा हरभऱ्याला अशी सोय नाही. म्हणून पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा असो की सांगली-कोल्हापुरात पाटाच्या जास्त पाण्याने क्षारपड झालेले उसाचे रान असो, तिथल्या शेतकऱ्याच्या अडचणीचे मूळ या पापुद्र्यातच आहे.

शीवच्याच चुनाभट्टी भागात मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. 1966 पासून ही संस्था विज्ञान मराठीतून सांगते. तिथून हार्बर लाइनने मानखुर्दला गेले की टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागते. त्यांच्या 'क्यूब' नावाच्या उपक्रमात कॉलेजची मुले महागड्या यंत्रांशिवाय, सहज मिळणाऱ्या जिवांवर प्रकल्प करतात. केळ्यावर येणाऱ्या बारीक माश्या, गांडूळ, डबक्यातले पाणपिसू, असे साधे जीव. केळ्यावरची चिलटे म्हणून जिला आपण हाकलतो, त्या माशीवर काम करून मॉर्गन यांना 1933 चे नोबेल मिळाले. (आंब्याला, काकडीला डंख मारणारी फळमाशी ही नव्हे, ती वेगळी.) पिकलेल्या केळ्याचा तुकडा बाटलीत ठेवून, माश्या आत आल्या की तोंडाला फडके बांधावे. उबदार हवेत अंड्यापासून नवी माशी व्हायला दहा-बारा दिवस लागतात, थंडीत जास्त. अळी कधी दिसली, कोष कधी झाला, हे रोज तारखेनिशी लिहायचे.

लिहिण्यावरच खरे तर सगळे अडते. अनेक ठिकाणी प्रयोगाचे जर्नल म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलाची वही उतरवणे, आणि सूक्ष्मदर्शक कुलपाच्या कपाटात. पालकांनी शाळेच्या सभेत एकदा तरी विचारावे, यंत्र शेवटचे कधी बाहेर काढले? यंत्र नसेल तर फोल्डस्कोप आहे. स्टॅनफर्डचे मनु प्रकाश यांच्या चमूने कागदापासून बनवलेला हा सूक्ष्मदर्शक साधारण 140 पट मोठे दाखवतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला लावून फोटोही काढता येतो. कांद्याच्या पेशी त्यात स्वच्छ दिसतात.

ज्यांच्याकडे तेही नाही, त्यांनी तीन वाट्यांत ओला कापूस घ्यावा. एकीत साधे पाणी, दुसरीत ग्लासभर पाण्याला पाव चमचा मीठ, तिसरीत एक चमचा. प्रत्येकीत मटकीचे वीस-वीस दाणे. रोज ठरलेल्या वेळी किती दाण्यांना मोड आले ते मोजायचे. मोजणी एकदाच करून थांबू नये, तीनदा करावी, कारण एखाद्या वाटीत किडके दाणे गेले तर आकडा फसवतो. चौथ्या वाटीला आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी द्यावे. साध्या पाण्याची वाटी आणि बोअरची वाटी यांत मोठा फरक पडला, तर ती वही घेऊन बापाने जवळच्या माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा. मुलाच्या आकड्याने निदान होत नाही, पण तपासणी करायची की नाही, ते त्यावरून ठरवता येते.