बाकड्याचे पाय

दसरा उलटला, पाऊस आता खरोखरच गेला अशी खात्री पटली, की रत्नागिरीच्या आमच्या घरी पहिलं काम निघतं ते खळ्यातलं बाकडं धुण्याचं. सागवानी, पाच फुटी, पाठीला सहा उभ्या पट्ट्या. पडवीत न्यायला चार माणसं लागतात, म्हणून ते पावसाळाभर बाहेरच असतं. इथे पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आगोटीला वर झाप टाकतो, पण पागोळ्यांचं पाणी कुठून तरी वाट काढतंच. ऑक्टोबरात बैठकीवर शेवाळ, हातांखाली काळी बुरशी, आणि बाकी सगळं राखेच्या रंगाचं.

हा राखाडी रंग म्हणजे मळ, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. तो मळ नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरवरच्या लाकडातलं लिग्निन तुटतं, पावसात ते धुऊन जातं आणि फिकट तंतूंचा पातळ थर मागे उरतो. खालचं लाकूड शाबूत असतं. हे ठाऊक नव्हतं तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, गाड्या धुण्याचा प्रेशर पंप आणून मी बाकड्यावर मारला. दहा मिनिटांत ते पिवळंधमक निघालं. वाळल्यावर हात फिरवला तर तळव्यात कुसळं घुसली. पाण्याच्या जोराने रेषांमधलं मऊ लाकूड उडून गेलं होतं, कडक रेषा तेवढ्या उभ्या राहिल्या होत्या. पुढच्या पावसात त्याच खाचांत पाणी साठलं, आणि बुरशी आधीपेक्षा जास्त आली. ते झालेलं नुकसान मला आजही बोटांना लागतं.

आता नारळाचं सोडण घेतो. त्याचं एक टोक दगडावर ठेचलं की काथ्याचा छान ब्रश होतो. रिठे रात्री भिजवून, सकाळी कुस्करून त्यांचं पाणी काढायचं, आणि लाकडाच्या रेषा जातात त्याच दिशेने घासायचं, आडवं कधीच नाही. तारेचा ब्रश तर नकोच. त्याची तुटकी तार लाकडात अडकते, गंजते आणि टॅनिनशी मिळून निळा-काळा डाग पाडते. तसे डाग आमच्याकडे जुन्या लोखंडी स्क्रूंभोवती होतेच. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने गेले. हे विषारी असतं, हातमोजे घालून लावायचं आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन काढायचं. स्क्रू मात्र पितळी बसवले, नाहीतर डाग परत येणारच.

धुऊन झालं की पाच-सहा दिवस ऑक्टोबरच्या उन्हात नुसतं वाळू द्यायचं. त्याच दिवसांत गेल्या वर्षी आमचे सुतारकाका आले. मी पाठीला व्हार्निश लावायच्या तयारीत होतो. ते म्हणाले, "अरे, पाठीला काय रंगवतोस? आधी पाय बघ."

बाकडं उलटं केलं. त्यांनी पटाशीचं टोक मागच्या डाव्या पायाच्या तळाला लावलं, आणि ते बोटभर आत गेलं. वरून तोच पाय ठणठणीत दिसत होता.

पायाचा तळ म्हणजे लाकडाचं कापलेलं तोंड. झाड ज्या बारीक नळ्यांनी पाणी वर नेतं, त्यांची तोंडं तिथे उघडी असतात. आम्ही प्रत्येक पायाखाली चिऱ्याचा तुकडा ठेवला होता, मातीपासून उंच राहावं म्हणून. पण चिरा स्वतःच पाणी पितो आणि ओला राहतो. म्हणजे पावसाळाभर पाय ओल्या स्पंजावरच उभे होते. व्हार्निशही काकांनी लावू दिलं नाही. बाहेरच्या उन्हात त्याला तडे जातात, त्यातून पाणी आत शिरतं आणि खालीच अडकून राहतं. उघडा साग निदान वाळतो तरी.

काकांनी कुजका भाग कापून तिथे सागाचाच तुकडा जोडला. मग जवसाचं उकळलेलं तेल चारही तळांवर चमच्याने सोडत गेलो. पहिला चमचा डोळ्यांदेखत जिरला. दुसरा, तिसरा तसाच. नवव्या चमच्याला तेल वर तसंच चमकत राहिलं, तेव्हा थांबलो आणि उरलेलं पुसून घेतलं. बैठकीला आणि पाठीला तेल लावलं नाही, कारण आमच्या दमट हवेत तेलावर बुरशी अधिकच पोसते.

तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गठ्ठ्यातली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. त्या मी दोरीवर एकेक सुट्या वाळत घातल्या.

दोन दिवस बाकडं खळ्यात पाय वर करून पडलं होतं. मग सुलटं केलं, आणि चिऱ्यांऐवजी कडप्प्याचे चार तुकडे खाली सरकवले. एक पाय जरा डुगडुगत होता. काकांनी वाकून त्याखाली आणखी एक पातळ कपची बसवली, आणि मगच टेकले.