वणीच्या मुलांना बोर्डिंग का लागतं

वणीहून नाशिक 40 किलोमीटरच्या आसपास. मराठा विद्या प्रसारक समाजाचं, म्हणजे ‘मविप्र’चं कॉलेज तर आता गावातच आहे. त्यामुळे कॉलेज लांब म्हणून शिक्षण सुटलं, असं इथं पूर्वीइतकं म्हणता येत नाही. तरीही एकाच वर्गातून, साधारण सारख्या मार्कांनी बाहेर पडलेल्यांच्या वाटा पाच-सात वर्षांत कुठल्या कुठे जातात. ज्याच्या घरात कुणी आधी शिकलंय त्याला पदवीनंतर सहा महिने थांबून चांगली नोकरी शोधता येते. पाड्यावरून आलेला किंवा द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या घरातला मुलगा हाताला लागेल ती पहिली नोकरी धरतो, आणि पुढं बहुतेक वेळा तीच त्याची वाट ठरते. उच्च शिक्षणाची वाट दाखवणाऱ्या उपक्रमांचं मोल किती प्रवेश झाले यावरून करतात. माझ्या मते ते या थांबण्याच्या ताकदीवरून करायला हवं, आणि ती ताकद क्लासपेक्षा सोबतीतून येते.

नाशिकला हे शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. मविप्रची सुरुवात 1914 ची, आणि तिच्या मुळाशी आहे उदोजी मराठा बोर्डिंग. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे यांच्यासारख्या मंडळींनी आधी मुलांच्या राहण्याजेवणाची सोय पाहिली. शाळा-कॉलेजांचं जाळं नंतर वाढलं. समोर नमुना होता राजर्षी शाहूंचा. कोल्हापुरात त्यांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग काढलं आणि पाठोपाठ इतर जातीधर्मांच्या वसतिगृहांना हात दिला. 1920 मध्ये ते नाशिकच्या बोर्डिंगच्या कोनशिलेलाही आले होते. शेतकऱ्याच्या पोराची अडचण अकलेची नाही, खोली आणि भाकरीची आहे, हे त्या पिढीनं ओळखलं. बोर्डिंगातून आणखीही एक गोष्ट मिळे, त्याची नोंद मात्र कुठल्या वहीत नसे: वरच्या वर्गातल्या मुलाला वकिली कशी करतात, नोकरीचा अर्ज कसा लिहितात हे विचारता येणं. ओळख, आणि तीही आपल्यासारख्याची.

आजच्या प्रवेशप्रक्रियेत ही ओळख नसली की काय होतं, ते ऑप्शन फॉर्मवर दिसतं. सीईटी या प्रवेश परीक्षेनंतर कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशफेरीला, कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज मिळालं की तेच कायम होतं, पुढच्या फेरीची वाट बंद. ‘मिळेल तरी’ म्हणून जवळचं, बेताचं कॉलेज वर टाकणारा मुलगा आपल्याच मार्कांवर पाणी सोडतो, आणि हे त्याला सांगणारं घरात कुणी नसतं. त्याच जून-जुलैत उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी वणी-दिंडोरी-नाशिक खेपा चालू असतात. एक दाखला आठवडाभर उशिरा मिळाला तर राखीव जागा जाते, फी पूर्ण भरावी लागते. राजू केंद्रे यांनी 2017 मध्ये यवतमाळला सुरू केलेली एकलव्य ही संस्था नेमकं इथं काम करते. बुलढाणा जिल्ह्यातल्या घरातले ते पहिल्या पिढीचे पदवीधर. पुण्यात वसतिगृह मिळालं नाही, तेव्हा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, मग टाटा समाजविज्ञान संस्था आणि 2021 मध्ये चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडन. एकलव्यचा भर निवासी शिबिरांवर आणि आधी पोचलेल्यांनी मागच्यांना हात देण्यावर आहे. अमेरिकेत 1989 पासून चालणारी पॉसी ही संस्था मुलांना एकेकटं न पाठवता दहाजणांचा गट करून एकाच कॉलेजात पाठवते. वेगळ्या देशातून, वेगळ्या अनुभवातून, पण उत्तर तेच.

यावर सरळ आक्षेप येतो: वसतिगृहांचा खटाटोप कशाला, पैसे थेट खात्यात द्या. सरकारनं तेही केलं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आली, आणि 2018 मध्ये वसतिगृहांतल्या मेसऐवजी जेवणाचे पैसे खात्यावर द्यायचं ठरलं. तेव्हा मुलंच पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. मागणी होती, मेस परत द्या. पैसे वेळेवर येत नाहीत, ही तक्रार त्यात होतीच; पण ताट ठरलेलं असलं की डोकं अभ्यासाला मोकळं राहतं, हेही त्यात होतं. रोकड वाईट नव्हे. स्वयंची रक्कम नसती तर अनेकांची पदवी अर्ध्यात सुटली असती. मात्र तिनं खोली भागते, शेजारच्या खोलीतला दादा मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. असे उपक्रम मुळात हुशार मुलंच निवडतात. ती कशीही पुढं गेलीच असती. नाशिक जिल्हा परिषदेनं 2022 मध्ये सुरू केलेल्या ‘सुपर 50’ मध्येही चाळणी परीक्षेचीच आहे. पन्नासांना जेईई-सीईटीची तयारी करून देणं चांगलंच, पण देशात 2021-22 मध्ये 18 ते 23 वयाच्या मुलांचं उच्च शिक्षणातलं स्थूल प्रमाण 28.4 टक्के असताना अनुसूचित जमातींचं 21.2 होतं. ही दरी पन्नासच्या हिशेबानं भरत नाही. त्यातही निवड न झालेल्यासाठी पुढं काय, याचं उत्तर बहुतेक योजनांकडे नाही. हा आक्षेप मी खोडत नाही. एवढंच म्हणतो की तो निवडीच्या पद्धतीवर आहे, सोबतीवर नाही. फॉर्म भरताना जवळ बसायला कुणाची गुणवत्ता मोजावी लागत नाही.

राहिला गाव रिकामं होण्याचा मुद्दा. शिकलेला परत येत नाही, असं पारावर नेहमी ऐकू येतं. पण दिंडोरी तालुक्यातच, मोहाडीला, कृषी अभियांत्रिकी शिकलेल्या विलास शिंदे यांनी सह्याद्री फार्म्स उभी केली, आणि तिथं द्राक्षाच्या निर्यातीला प्रयोगशाळा, शीतगृह, हिशेब, संगणक सगळंच लागतं. परत यायला कारण असलं तर लोक येतात. ते कारण तयार करणं एकट्या कॉलेजच्या हातात नाही. पण जून-जुलैचे दोन महिने वणीच्या कॉलेजात एक टेबल मांडून, दोन-तीन वर्षं आधी पास झालेली मुलं बारावीवाल्यांचे ऑप्शन फॉर्म आणि दाखले तपासायला बसवणं, हे नक्कीच आहे. त्याला ना नवी इमारत लागते ना मोठा निधी.