इंजिन सारखं बंद पडतंय? कार्बोरेटर बदलायच्या आधी हे बघा

सायकलला बसवलेलं टू-स्ट्रोक इंजिन दुकानात आलं की हात आधी कार्बोरेटरकडे जातो. माझाही जायचा. सुरुवातीला एका गिऱ्हाइकाला मी नवा कार्बोरेटर बसवून दिला, दोन दिवसांत गाडी परत! दहा मिनिटं चालायची, बंद पडायची. दोष निघाला टाकीच्या झाकणात. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो, पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल केलं, गाडी चालू. पैसे परत दिले. तो आजही माझ्याकडेच येतो.

मग कॉक, फिल्टर, जेट. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवा मारा.

खरी भीती जास्तीची हवा ओढण्याची. कार्बोरेटर आणि इंजिनमधलं गॅस्केट फाटलं की ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन रेस राहतं, प्लग पांढरा पडतो. चालू इंजिनच्या जोडावर थोडं साबणाचं पाणी मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम. प्लग काळा, ओला असेल तर उलटं: चोक लागलेला राहिलाय का, एअर फिल्टर तुंबलाय का बघा.

आणि हो, तपासणीचे पैसे मी बिलात वेगळे लिहितो. नाहीतर गिऱ्हाईक विचारतंच, "एवढ्याशा गॅस्केटचे एवढे?"