इंजिनाच्या दप्तराची नक्कल

मोटारीच्या चालकासमोर जी काचेची तबकडी असते, तिच्यावर इंजिनाची किती हकीकत उमटावी आणि किती उमटू नये, हा निर्णय चालकाने कधीच घेतलेला नसतो; तो कारखान्यातील अभियंत्याने, विक्रीखात्याने आणि अलीकडच्या काळात सरकारी कायद्याने त्याच्यासाठी परस्पर घेतलेला असतो. वेग, इंजिनाचे फेरे, टाकीतले इंधन आणि फार झाले तर पाण्याचे तापमान, एवढ्यावर सामान्य गाडीचा डॅशबोर्ड संपतो. मात्र त्याच गाडीतला नियंत्रक संगणक, ज्याला गॅरेजात ईसीएम म्हणतात, तो आत येणाऱ्या हवेचे प्रमाण, बाहेर जाणाऱ्या धुरातील प्राणवायू, ठिणगीची वेळ आणि इंधनाच्या पिचकारीचा अवधी या साऱ्यांचे दप्तर सेकंदाला अनेक वेळा लिहीत असतो. या दप्तराची नक्कल मिळवून, किंवा त्यात नसलेल्या बाबींसाठी स्वतःचे सेन्सर बसवून, ते आकडे डॅशबोर्डावर आणण्याचा जो उद्योग जगभरचे मोटारप्रेमी करतात, त्याकडे निव्वळ शोभेची हौस म्हणून पाहणे बरोबर नाही. त्यात हौस आहेच. परंतु मोजलेली वस्तू मालकाला वाचता यावी, हा रास्त हक्कही त्यात आहे. आता आकडा हाती आला म्हणजे वस्तुस्थिती हाती आली काय, हा निराळा प्रश्न असून या लेखाचा रोख त्याच प्रश्नाकडे आहे.

दाब दाखविणाऱ्या काट्याचा इतिहास मोटारीहून जुना आहे. पॅरिसच्या युजेन बूर्दाँ याने १८४९ साली ज्या युक्तीचे पेटंट घेतले, ती अशी की, चपट्या छेदाची धातूची नळी अर्धवर्तुळात वाकवून तिच्यात दाब सोडला असता ती सरळ होऊ पाहते, आणि तिच्या बंद टोकाची ती सूक्ष्म हालचाल दातेरी चाकांकरवी वाढवून काट्यापर्यंत नेता येते. वाफेच्या बॉयलरवरून ही युक्ती मोटारीत आली, तेव्हा इंजिनातले तेलच बारीक नळीवाटे चालकासमोरच्या काट्यापर्यंत आणले जाई. नळी फुटली तर तापलेले तेल बसणाऱ्याच्या पायावर येई हे खरे, परंतु काटा आणि तेल यांच्या दरम्यान दुसरा कोणी मध्यस्थ नसे. तापमानाच्या बाबतीत अमेरिकेतल्या हॅरिसन बॉइस याने १९१२ च्या सुमारास प्रचारात आणलेले मोटोमीटर याहून सरळ होते: रेडिएटरच्या झाकणातच उभा बसविलेला तापमापक, जो चालकाने आपल्या जागेवरून समोरच्या काचेतून पाहावयाचा. मात्र त्याचा फुगा पाण्यात नसून पाण्यावरच्या वाफेत असे; म्हणजे मोजमाप कोठे घेतले आहे, हे ठाऊक असल्याखेरीज आकड्याचा अर्थ लागत नाही, हा धडा या विद्येच्या पहिल्याच इयत्तेत होता.

पुढे काटा मागे पडून दिवा आला. हडसन या अमेरिकन कंपनीने १९३० च्या दशकात तेलाच्या दाबासाठी व विजेच्या चार्जिंगसाठी काट्यांऐवजी इशाऱ्याचे दिवे बसविले आणि हळूहळू तीच जगाची रीत झाली. या दिव्यामागचा स्विच दाब चौरस सेंटीमीटरमागे साधारणतः अर्ध्या किलोखाली उतरेपर्यंत गप्प राहतो. महामार्गावर वेगाने धावणाऱ्या इंजिनाला जेथे तीन-चार किलोंचा दाब हवा, तेथे तो एकावर आला तरी दिवा लागत नाही, आणि लागतो तेव्हा बेअरिंगांचे व्हावयाचे ते नुकसान बहुधा होऊन गेलेले असते. माझ्दा कंपनीच्या एमएक्स-५ या छोट्या उघड्या गाडीची कथा याहून बोधप्रद आहे. तिच्या आरंभीच्या आवृत्तीत तेलाच्या दाबाचा खराखुरा काटा होता. १९९५ च्या सुमारास तबकडी व काटा तसेच ठेवून मागे मात्र साधा स्विच बसविण्यात आला, आणि तेव्हापासून इंजिन चालू असताना तो काटा मध्यावर निश्चल उभा राहू लागला. पाण्याच्या तापमानाच्या काट्याचेही असेच झाले असून, आजच्या बऱ्याच गाड्यांत तो विस्तीर्ण टापूत जाणूनबुजून स्थिर ठेवलेला असतो.

यात कारखानदारांचा केवळ लबाडीचा हेतू पाहणे न्यायाचे होणार नाही. तापलेले तेल पातळ होते व सिग्नलला उभ्या गाडीत दाब उतरतो. कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढताना पाणी पाच-दहा अंशांनी तापते व पंखा लागताच निवते. हे इंजिनाचे नित्याचे श्वासोच्छ्वास आहेत, परंतु ज्याला त्यांचा परिचय नाही तो प्रत्येक हेलकाव्यासरशी गाडी घेऊन वर्कशॉपच्या दारात उभा राहतो. स्थिर काट्याने त्याची चिंता दूर केली, त्याबरोबरच शिकण्याची संधीही दूर केली.

चालकापुढची हकीकत अशी आटत असताना, आतले दप्तर मात्र दुसऱ्याच कारणाने भरत गेले. ते कारण शहरांतली हवा. कॅलिफोर्निया राज्याच्या हवाविषयक मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःचे प्रदूषणविषयक दोष स्वतः नोंदवावेत असा दंडक घातला. त्याची सुधारलेली आवृत्ती, जिला ओबीडी-२ म्हणतात, ती १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत आणि २००१ पासून युरोपातील पेट्रोलच्या नव्या गाड्यांना लागू झाली. आपल्याकडे भारत स्टेज-४ च्या नियमांबरोबर २०१० साली तिचा पहिला व २०१३ साली दुसरा टप्पा आला, आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ने ही देखरेख अधिक कडक केली. या नियमांनुसार वाहनांच्या ज्या चाचण्या होतात, त्यांत पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या संस्थेचा मोठा वाटा आहे. या सर्व खटाटोपाचे दृश्य फळ म्हणजे स्टीअरिंगखाली दडलेले सोळा पिनांचे ते सॉकेट, ज्यात मिस्त्री आपला स्कॅनर लावतो.

या सॉकेटातून दप्तराची नक्कल कशी मिळते, ते एकदा जवळून पाहण्याजोगे आहे. आजच्या गाड्यांत ६ व १४ क्रमांकांच्या पिनांवर बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली कॅन नावाची दुतारी संदेशवाहिनी येते. तिच्यावर बाहेरच्या उपकरणाने ‘०१ ०सी’ एवढाच सवाल टाकावयाचा. त्याचा अर्थ, चालू नोंदींपैकी फेऱ्यांची नोंद द्या. क्षणार्धात जबाब येतो: ‘४१ ०सी १ए एफ८’. पहिल्या दोन जोड्या सवालाची पोच आहेत. उरलेल्या दोन जोड्या सोळाच्या पायावर लिहिलेले अंक असून ‘१ए’ म्हणजे २६ व ‘एफ८’ म्हणजे २४८. पहिल्याला २५६ ने गुणून दुसरा मिळवावा, येणाऱ्या ६९०४ ला चाराने भागावे, की मिनिटाला १७२६ फेरे हे उत्तर हाती येते. तापमानाचा हिशेब याहून सोपा; आलेल्या आकड्यातून ४० वजा करावयाचे, म्हणजे १३० आले तर पाणी ९० अंशांवर आहे असे समजावे. बाजारात मिळणारी ब्लूटूथची डबी आणि मोबाइलवरचे रंगीत काटे या दोहोंच्या मागे एवढीच सवाल-जबाबाची कारकुनी चाललेली असते; आणि प्रत्येक बाब सहसा अशी एकेक विचारली जात असल्याने, एकाच वेळी दहा काटे मांडणाऱ्याला त्यातला प्रत्येक काटा अडखळत हलताना दिसतो.

परंतु ज्या सरकारी गरजेतून हे दप्तर निर्माण झाले, तिच्या मर्यादाही त्यात उतरल्या आहेत. कायद्याला काळजी धुराची. इंजिनाच्या आयुष्याची नव्हे. म्हणून प्राणवायूच्या सेन्सरची नोंद सक्त नियमाने आहे, आणि ज्या तेलाच्या दाबावर बेअरिंगांचा जीव अवलंबून, त्याला या प्रमाणित चालू नोंदींच्या यादीत रकानाच नाही. एखाद्या कंपनीने आपल्या खासगी भाषेत तो ठेवला असेल तर असेल. दप्तर कोणाच्या हुकुमाने लिहिले गेले, यावर त्यात काय सापडणार हे ठरते. आणि ज्याला तेलाचा दाब पाहावयाचा आहे, त्याला स्वतःचाच सेन्सर बसविणे भाग पडते.

येथून खरे कसब सुरू होते. जुन्या दिव्याचा स्विच काढून त्या जागी पितळेची ‘टी’ बसवावी, एका तोंडाला स्विच व दुसऱ्याला नवा सेन्सर लावावा, ही सर्वांना सुचणारी रीत. परंतु इंजिनाच्या अखंड थरथरीने वजनदार सेन्सरखाली ती पितळी टी मानेत तडकते व सारे तेल रस्त्यावर जाते, म्हणून जाणते मिस्त्री लवचीक होजने सेन्सर दूर नेऊन बॉडीला पक्का करतात. त्यात दुसरी अडचण उपजते. एकतारी सेन्सरचा विजेचा परतीचा मार्ग त्याच्या आट्यांतूनच असतो. तो इंजिनापासून तोडला, किंवा गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे घातले, की ही परतीची जोडणी, जिला गॅरेजात ‘अर्थ’ म्हणतात, ती कच्ची होते आणि तेल ठीक असताना काटा भलतेच सांगू लागतो.

तापमानाच्या सेन्सरमध्ये ही अर्थची भानगड आकड्यांनिशी दाखविता येते. प्रचारातील बॉशच्या सेन्सरचा विद्युतरोध २० अंशांवर २५०० ओम, ९० अंशांवर सुमारे २४३ ओम आणि १०० अंशांवर सुमारे १८७ ओम असतो. त्याच्याशी २५०० ओमचा रोधक जोडून पाच व्होल्ट दिले, तर २० अंशांवर अडीच व्होल्ट मिळतात. ९० वर सुमारे ०.४४ आणि १०० वर सुमारे ०.३५. म्हणजे जेथे दक्षता सर्वाधिक हवी, त्या उकळीच्या टापूत दहा अंशांचा सारा फरक एक दशांश व्होल्टात कोंबलेला असतो. आता रात्र पडली, चालकाने हेडलाइट लावले आणि बॉडीतून इंजिनाकडे परतणाऱ्या प्रवाहामुळे डॅशबोर्डाची अर्थ व इंजिनाची अर्थ यांत अवघे पन्नास सहस्रांश व्होल्टांचे अंतर पडले, तर पाणी जसेच्या तसे असूनही काटा ९० वरून ९५ कडे सरकतो. दिवे लावले की इंजिन तापते, ही जी तक्रार नवे गेज बसविणाऱ्यांकडून ऐकू येते, तिचा उगम बहुधा येथे असतो. उपाय सोपा व स्वस्त आहे: दोन तारांचा सेन्सर घ्यावा आणि त्याची परतीची तार बॉडीला न जोडता थेट गेजपर्यंत आणावी. याहून गंभीर गोष्ट अशी की, पाइप फुटून पाणीच निघून गेले, तर कोरडा पडलेला सेन्सर आजूबाजूच्या हवेचे तापमान शांतपणे सांगत राहतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येतो. म्हणून पाण्याच्या काट्याचे अचानक उतरणे हे त्याच्या चढण्याइतकेच भयसूचक मानले पाहिजे.

धुरातील प्राणवायूच्या काट्याचा अर्थ लावताना आपल्या देशात आज विशेष सावधगिरी हवी. हवा व पेट्रोल यांचे आदर्श वजनी प्रमाण १४.७ ला १ असे पुस्तकात असते आणि बाहेरून येणारी बहुतेक गेज याच आकड्यावर बेतलेली असतात. परंतु सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला फक्त प्राणवायूची शिल्लक किंवा तूट कळते, आणि त्यावरून निघणारे प्रत्यक्ष व आदर्श प्रमाणांचे गुणोत्तर, ज्याला लॅम्डा म्हणतात, त्याला १४.७ ने गुणून गेज आपला आकडा बनविते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, आता आपल्या पंपांवर मिळणाऱ्या इंधनाचे आदर्श प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. तरीही मिश्रण नेमके असताना गेज १४.७ च म्हणणार. ज्याने हे जाणले त्याने तबकडीवर लॅम्डा मांडावा, म्हणजे १ हा आकडा कोणत्याही इंधनात तोच अर्थ सांगेल.

आकडा कसा मांडावा, हाही विचाराचा विषय आहे. शर्यतीच्या गाड्यांत पूर्वी गेज आडवीतिडवी फिरवून अशी बसवीत की, सर्व काही यथास्थित असताना प्रत्येक काटा सरळ वर पाहील. चालकाने आकडे वाचावयाचेच नसत, एखादा काटा कलला एवढेच नजरेच्या कडेने टिपावयाचे असे. आजच्या रंगीत पडद्यावर दशांशापर्यंतचे आकडे नाचतात खरे, परंतु वाहत्या रस्त्यावर ते वाचण्याइतका वेळ नजरेला काढता येत नाही, आणि काढला तर तो धोक्याचा. उत्तम मांडणीत दोनतीनच काटे असतात, आणि तेलाच्या दाबाचा इशारा फेऱ्यांशी जोडलेला असतो. हजार फेऱ्यांमागे दहा पौंड, म्हणजे सुमारे पाऊण किलो, हा गॅरेजातला ठोकताळा त्यासाठी अजून उपयोगी पडतो.

नक्कल मिळविण्याचे दार उघडे ठेवण्यात जोखीम आहे, हेही नमूद केले पाहिजे. २०१५ साली सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी, अशाच सॉकेटात लावलेल्या एका डबीला मोबाइलवरून संदेश पाठवून चालत्या गाडीचे ब्रेक ताब्यात घेता येतात, हे प्रात्यक्षिकाने सिद्ध केले. वाचण्याचा व हुकूम देण्याचा मार्ग एकच असल्याने हे घडते. यास्तव अनोळखी बनावटीची डबी काम संपताच काढून ठेवणे हे शहाणपणाचे, शिवाय बॅटरीच्याही हिताचे.

या साऱ्या तपशिलाचा निष्कर्ष दुहेरी आहे. कारखानदारांनी व नियम करणाऱ्यांनी तेलाच्या दाबाला प्रमाणित नोंदींत जागा द्यावी आणि मालकाला आपल्या गाडीचे दप्तर वाचण्यापुरते, लिहिण्यासाठी नव्हे, मोकळे करावे. धुरासाठी जे शक्य झाले, ते इंजिनाच्या दीर्घायुष्यासाठी अशक्य असण्याचे कारण नाही. मालकाने मात्र गेज बसविल्याबरोबर त्यावर विसंबू नये. गार इंजिन, तापलेले इंजिन, सिग्नलचा थांबा, घाटाचा चढ आणि महामार्गाचा स्थिर वेग, या प्रत्येक अवस्थेतला आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा त्याने वहीत टिपून ठेवावा, आणि सेन्सर कोठे बसविला व त्याची अर्थ कोठे नेली हेही त्याच पानावर लिहावे. अशी रुजुवात केलेल्या मालकाला साधा, स्वस्त काटाही वेळेवर सावध करील. ज्याने ती केली नाही, त्याच्यापुढे दहा काटे मांडले तरी त्यांतला कोणता खरे बोलतो आहे, हे त्याला मिस्त्रीलाच विचारावे लागेल.