बिशपाक सांगतलो कोण?

रविवारची मिस्सा सुटते, माणसे इगर्जीच्या आवारात उतरतात आणि खरी चर्चा तिथे सुरू होते. फेस्ताची पद्धत का बदलली, फादरांची बदली अचानक का झाली, त्या जमिनीच्या तुकड्याचे पुढे काय, शाळेची फी कोणाला विचारून वाढवली. आवाज बेताचे, नजर फादरांच्या घराकडे. शेवटी कोणीतरी म्हणतो, ‘मगे बिशपाक सांगा.’ त्यावर ठरलेले उत्तर येते, ‘बिशपाक सांगतलो कोण?’ आणि माणसे घरी जातात. मालवण, वेंगुर्ले, बांदा, सावंतवाडी, कुठेही जा, हे संभाषण ऐकू येते. मी ते लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि कित्येकदा त्या घोळक्यात गप्प उभा राहिलो आहे.

2025 च्या 1 नोव्हेंबरला पोप लिओ चौदावे यांनी जॉन हेन्री न्यूमन यांना ‘डॉक्टर ऑफ द चर्च’, म्हणजे चर्चचे आचार्य, ही पदवी दिली. बातमी सगळ्यांनी वाचली. शिक्षणतज्ज्ञ न्यूमन, अँग्लिकन पंथ सोडून कॅथलिक झालेले न्यूमन, कार्डिनल न्यूमन, असे सगळे छापून आले. दोन हजार वर्षांत ही पदवी मिळालेले ते अडतिसावे. मात्र याच न्यूमनविरुद्ध एका बिशपने रोमकडे तक्रार गुदरली होती, ही गोष्ट बातम्यांच्या गर्दीत मागे पडली. आवारातल्या त्या घोळक्यासाठी मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

घटना 1859 ची. ‘रॅम्बलर’ नावाचे इंग्रज कॅथलिकांचे एक नियतकालिक होते. ते प्रापंचिकांच्या पुढाकाराने चाले. प्रापंचिक म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नसलेले तुम्ही-आम्ही. आपल्या मराठी चर्चमध्ये हाच शब्द रूढ आहे. शाळांविषयीच्या एका सरकारी आयोगावर या नियतकालिकाने बिशपांना न रुचणारे लिहिले. वातावरण तापले, तेव्हा समेट व्हावा म्हणून संपादकपद न्यूमन यांच्याकडे आले. मे महिन्याच्या अंकात त्यांनी लिहिले की, श्रद्धेविषयी सिद्धांत मांडतानाही चर्च प्रापंचिकांचा कानोसा घेते, मग शाळेसारख्या व्यवहाराच्या प्रश्नात त्यांचे मत विचारायला नको का? त्यांचे बिशप उलथॉर्न त्यांना भेटायला आले. प्रापंचिक म्हणजे कोण लागून गेले, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले. न्यूमन यांनी उत्तर दिले की, त्यांच्याशिवाय चर्च विचित्रच दिसेल.

पुढे जे घडले त्यात मला आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसते. बिशपनी संपादकपद सोडायला सुचवले आणि न्यूमन यांनी ते मान्य केले. वाद घातला नाही, वर्तमानपत्रांत तमाशा केला नाही. मात्र जुलैचा अंक त्यांच्या हातात होता. त्या अंकात त्यांनी प्रापंचिकांचा विचार घेण्याविषयीचा आपला प्रसिद्ध लेख सविस्तर, पुराव्यांसह, छापला. पद सोडले, मत सोडले नाही. लेखातला मुख्य दाखला चौथ्या शतकातला होता. 325 साली निकाया येथील परिषदेने ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी निर्णय दिला. त्यानंतरच्या अर्धशतकात अनेक बिशप डगमगले, राजाच्या मर्जीप्रमाणे मते बदलू लागले, आणि त्या काळात श्रद्धा टिकवली ती मुख्यतः साध्या बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांनी, असे न्यूमन यांनी दाखवले. न्यूपोर्टचे बिशप ब्राउन यांनी या लेखाविरुद्ध रोमला कळवले. न्यूमन पुढची कित्येक वर्षे संशयाच्या छायेत राहिले. 1879 मध्ये लिओ तेराव्यांनी त्यांना कार्डिनल केले, 2019 मध्ये ते संत झाले आणि आता आचार्य. बिशपशी मतभेद असलेला माणूस चर्चचा शत्रू ठरत नाही, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

न्यूमन यांना ज्यासाठी सोसावे लागले ते आज कायद्याने आपल्याला हक्क म्हणून मिळाले आहे. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ते तत्त्व मांडले आणि 1983 च्या धर्मसंहितेत ते कलम झाले. कॅनन 212. बिशप आणि धर्मगुरू ख्रिस्ताच्या वतीने जे शिकवतात, ठरवतात, ते प्रापंचिकांनी मानावे, असे कलमाचा पहिला भाग सांगतो. दुसरा भाग आपल्या गरजा आणि इच्छा त्यांना कळवण्याची मोकळीक देतो. तिसरा भाग सांगतो की आपले ज्ञान, पात्रता आणि योग्यता यांनुसार चर्चच्या भल्याविषयीचे मत धर्मपालांना, म्हणजे बिशप आणि धर्मगुरूंना, तसेच इतर श्रद्धावंतांना कळवण्याचा प्रापंचिकांना हक्क आहे, आणि कधीकधी ते त्यांचे कर्तव्यही आहे. अट अशी की श्रद्धा आणि नीती शाबूत राहावी, धर्मपालांचा मान राहावा, कोणाच्या प्रतिष्ठेला धक्का लागू नये. ‘कर्तव्य’ हा शब्द मी मुद्दाम अधोरेखित करतो. गप्प बसणे म्हणजे विनय, अशी आपल्याकडे समजूत आहे. संहितेला ती मान्य नाही.

हक्क वापरायची वाटही संहितेने आखून दिली आहे आणि ती जवळजवळ कोणालाच माहीत नाही. बिशपच्या एखाद्या लेखी निर्णयाने तुमच्यावर अन्याय झाला असे वाटले, तर आधी बिशपनाच तो मागे घेण्याची किंवा बदलण्याची लेखी विनंती करायची. मुदत दहा दिवसांची. निर्णय माहीतच नसेल किंवा हालचाल करणे शक्य नसेल, तर ते दिवस मोजले जात नाहीत. बिशपना उत्तरासाठी तीस दिवस. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर पुढच्या पंधरा दिवसांत रोमकडे दाद मागता येते. साध्या कागदावरचे, सही केलेले, तारीख घातलेले पत्र पुरते. प्रत्येक नाराजीला ही वाट लागू नाही; फेस्ताच्या मांडवावरून कोणी रोमला जाऊ नये. पण धर्मग्राम (पॅरिश) बंद करणे, तोडणे, एकत्र करणे यांसारख्या मोठ्या निर्णयांना ती लागू आहे, आणि तेव्हाच आपण दहा दिवस आवारात बोलण्यात घालवतो.

पत्र लिहिले नाही, बोलणे झाले नाही, की काय होते ते मुंबईने 1853 मध्ये पाहिले आहे. त्या काळी मुंबईच्या कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या. एक गोव्याच्या आर्चबिशपांची, पोर्तुगालच्या राजाच्या ‘पाद्रोआदो’ हक्कातून आलेली. दुसरी रोमने थेट नेमलेल्या व्हिकर अपोस्तोलिकची. 1838 मध्ये पोप ग्रेगरी सोळाव्यांनी ब्रिटिश मुलखातली गोव्याची सत्ता संपवल्याचे जाहीर केले. गोव्याच्या बाजूच्या अनेकांनी ते मानलेच नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चचे धर्मग्रामवासी गोव्याकडे जाऊ लागले, तेव्हा व्हिकर अपोस्तोलिक बिशप अनास्तासियस हार्टमन चर्चमध्ये आत जाऊन बसले आणि बाहेर त्यांच्याच लोकांनी वेढा घातला. सुमारे पंधरवडा हा वेढा चालला, आत जाणारे अन्नपाणी तोडले गेले. शेवटी इंग्रज सरकारने मध्ये पडून चर्च गोव्याच्या बाजूच्या लोकांना दिले. घरातल्या भांडणाचा निवाडा परक्या सरकारने केला. दुहेरी सत्ता मात्र 1928 पर्यंत चालली. एकाच आळीत राहणारी दोन कुटुंबे दोन बिशपांची, असे मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. आज माहीमच्या त्याच चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला गर्दी उसळते. आत येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो वेढा ठाऊक असेल.

आपला किनाराही या गोष्टीला अनोळखी नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावरचे मातेउश दे कास्त्रु 1637 मध्ये रोमला बिशप झाले आणि आदिलशाही मुलखासाठी नेमले गेले. गोव्यातल्या पोर्तुगीज धर्मसत्तेने त्यांना बिशप मानायला नकार दिला. डिचोली, बांदा, वेंगुर्ले हा पट्टा, पोर्तुगीज हद्दीच्या बाहेरचा, त्यांचा आसरा होता. कोणता बिशप खरा, हा प्रश्न या भागातल्या ख्रिस्ती घरांपुढे साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता. पुढे सावंतवाडी संस्थानातली चर्चे गोव्याखाली राहिली, मग पुण्याकडे गेली, आणि 5 जुलै 2005 रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सावंतवाडीचे मिलाग्रिस चर्च कॅथेड्रल झाले, आल्विन बारेटो पहिले बिशप झाले. म्हणजे आपल्या घरच्या बिशपशी बोलण्याची सवय आपल्याला लागून जेमतेम वीसेक वर्षे झाली आहेत. त्याआधी बिशप म्हणजे घाटावरचा कोणी मोठा माणूस, दृढीकरणाच्या दिवशी दिसणारा. ही सवय मुरायला वेळ लागणारच.

माहीमचा वेढा जुना झाला असे म्हणाल, तर केरळातल्या एर्नाकुलमकडे पाहा. तिथल्या सिरो-मलबार चर्चच्या सिनडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, 2021 मध्ये मिस्सेची एकच पद्धत ठरवली: अर्धी मिस्सा लोकांकडे तोंड करून, अर्धी वेदीकडे. एर्नाकुलम-अंगमालीत ती मानली गेली नाही. 2022 च्या नोव्हेंबरात तिथल्या बासिलिकेला कुलूप लागले, नाताळच्या तोंडावर वेदीपाशी झटापट झाली. डिसेंबर 2023 मध्ये खुद्द पोप फ्रान्सिस यांनी ध्वनिचित्रफितीतून विनवणी केली. पुढच्या वर्षी तडजोड निघाली: रविवारी निदान एक मिस्सा नव्या पद्धतीने. मला त्या लोकांच्या मताविषयी सहानुभूती आहे. पूर्ण मिस्सा लोकांकडे तोंड करून करण्याची पन्नास-साठ वर्षांची सवय फर्मानाने मोडता येत नाही आणि लोकांना नीट विचारायला हवे होते. पण वेदीपाशी झटापट झाली त्या क्षणी त्यांनी आपली बाजू हरवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईहून येणारे काही चाकरमानी दुसरा उपाय सुचवतात: दानपेटीत टाकायचे थांबवा, आपोआप वळणावर येतील. हाही मला पटत नाही. त्या पेटीतून शाळेचा, दवाखान्याचा, एखाद्या विधवेचा खर्च निघतो. त्यापेक्षा हिशेब मागा. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असे कॅनन 1287 सांगते. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असे कॅनन 537 सांगते. तुमच्या धर्मग्रामात ती कोणाची आहे, ती कधी बसते, हे या रविवारी विचारून पाहा. आणि राजकारणातल्या मतभेदांचे ओझे बाळगू नका. 2018 मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांनी संविधान धोक्यात आहे असे पत्रात लिहिले, 2025 मध्ये केरळच्या बिशपांनी वक्फ विधेयकाला पाठिंबा द्यायला खासदारांना सांगितले. दोन्ही वेळा अनेक कॅथलिक असहमत होते. अशा बाबतीत धर्मगुरूंकडे प्रत्येक प्रश्नाचे तयार उत्तर असेल असे प्रापंचिकांनी समजू नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच 1965 मध्ये लिहून ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापासून वेगळी ठेवली पाहिजे. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला, पैशांचा अपहार झाला, तर तो बिशपशी मतभेद नव्हे, गुन्हा आहे. तिथे पत्र, दहा दिवस, मान यांचा विचार करत बसायचे नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराबाबत तर, पोक्सो कायद्याने, ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग तो प्रापंचिक असो वा बिशप. चर्चच्या अब्रूसाठी गप्प बसा, असे सांगणारा माणूस चर्चचा हितचिंतक नाही.

बाकीच्या सगळ्या ठिकाणी समोर बसून बोलल्याने फरक पडतो, याला आपल्याकडेच पुरावा आहे. भारतातल्या कॅथलिक चर्चचे स्त्री-पुरुष समानतेविषयीचे धोरण 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा मसुदा करणाऱ्यांत मुंबईच्या अॅस्ट्रिड लोबो गाजीवाला होत्या. त्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ऊती पेढीच्या शास्त्रज्ञ, कुटुंबवत्सल प्रापंचिक स्त्री. बिशपांच्या संस्थेवर बोट ठेवून बाहेर उभे राहणे त्यांना सोपे होते. त्यांनी आत बसून, वर्षानुवर्षे लिहून, वाद घालून ते धोरण घडवायला हात लावला. धोरण कागदावर राहिले असे म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य आहे. पण कागदावर असल्यामुळेच आज कोणीही तो कागद बिशपपुढे ठेवू शकते.

रोमने 2021 मध्ये सुरू केलेल्या सिनडचा अंतिम दस्तऐवज 26 ऑक्टोबर 2024 रोजी मंजूर झाला. धर्मग्रामाची आणि धर्मप्रांताची पाळकीय मंडळे सक्तीची करावीत, कारभार खुला आणि उत्तरदायी असावा, अशी मागणी त्यात आहे. त्याची अंमलबजावणी आता चालू आहे आणि 2028 च्या ऑक्टोबरात व्हॅटिकनमध्ये तिचा आढावा होणार आहे. तोवरचा वेळ हातात आहे. सिंधुदुर्गाचा धर्मप्रांत लहान आहे, माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. म्हणून बोलणे अवघड जाते हे मला कळते. उद्या मुलीचे लग्न त्याच इगर्जीत, आईचा अंत्यविधी त्याच फादरांच्या हातून. पण याच लहानपणामुळे सावंतवाडीच्या बिशप हाऊसपर्यंत एसटीने जाऊन सकाळी भेटून दुपारपर्यंत परत येता येते. मुंबईच्या माणसाला हे सुख नाही.

तर यापुढे आवारात कोणी ‘बिशपाक सांगतलो कोण?’ असे विचारले, की तिथेच कागद मागा. म्हणणे चार ओळींत लिहा, कोणाला टोचेल असा शब्द गाळा, ज्यांना पटते त्यांच्या सह्या घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. उत्तर येईपर्यंत रविवारची मिस्सा चुकवू नका. आणि पत्रावर तारीख घाला. लेखी निर्णय असेल तर मुदत दहा दिवसांची आहे.